उंच बॉनेटखालचं इंजिन

महाराष्ट्रातल्या एखाद्या घाटात जुनी महिंद्रा जीप समोरून आली की तिच्या बॉनेटकडे नीट पाहावं. गोल दिवे आणि उभ्या फटींची जाळी आपल्या जागी असते. जाळीच्या वर मात्र पत्र्याची रुंद, कोरी पट्टी येते आणि मग बॉनेट सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं बॉनेट चपटं होतं. हिचं इतकं उंच आहे, की शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लहान मूलही फरक दाखवील.

ही उंची शोभेसाठी ठेवलेली नाही. अमेरिकेतल्या विलिस कंपनीने १९५३ साली सीजे-३बी हे मॉडेल काढलं, तेव्हा त्यांचं नवं ‘हरिकेन’ इंजिन आधीच्या जीपच्या बॉनेटखाली मावत नव्हतं. इंजिन खाली करता येईना, म्हणून त्यांनी पत्रा वर उचलला. तोच चेहरा भारतात महिंद्राने घेतला, जपानात मित्सुबिशीने घेतला. मित्सुबिशी तर १९९८ पर्यंत त्या घराण्यातल्या जीप बनवत होती. जगभरच्या कितीतरी माणसांनी ‘जीप’ म्हणून जो चेहरा ओळखला, तो एका इंजिनाला जागा हवी होती म्हणून तसा झाला.

आणि आता गंमत अशी, की आपल्याकडच्या बहुतेक उंच बॉनेटच्या जीपमध्ये ते इंजिन राहिलेलंच नाही. त्या जागी डिझेल आलं. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात, गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये, गोणपाटाखाली पडून असतं. मग कधीतरी घरातल्या कुणाला जीप पुन्हा उभी करायची हौस येते, किंवा जागा मोकळी करायची वेळ येते, आणि प्रश्न समोर येतो: हे विकून टाकावं, की ठेवावं?

माझं मत आधीच सांगतो. ठेवावं. पण हे मत मी हळवेपणाने देत नाही. त्यामागे लोखंड आहे, कागद आहेत आणि एक साधा हिशेब आहे. तो कळला की समोर पडलेल्या त्या तेलकट धुडाकडे बघण्याची नजरच बदलते.

सुरुवात इंजिनापासूनच करू. हरिकेनच्या आधीचं विलिसचं इंजिन म्हणजे ‘गो डेव्हिल’. त्याचं मूळ १९२०च्या दशकातल्या ‘व्हिपेट’ नावाच्या साध्या मोटारीत. १९३८ साली डेल्मार रूस हे विलिसमध्ये मुख्य अभियंता म्हणून आले, तेव्हा ते इंजिन जेमतेम ४८ अश्वशक्ती देत होतं. रूस यांनी नवं इंजिन काढण्याऐवजी याच इंजिनाचा एकेक भाग सुधारला आणि त्याच २.२ लिटरमधून ६० अश्वशक्ती काढून दाखवली.

त्याची मापं बघा. सिलिंडरचा व्यास सुमारे ७९ मिलिमीटर, पण पिस्टनची वरखाली धाव १११ मिलिमीटर. म्हणजे रुंदी कमी आणि धाव लांब. धाव लांब असली की क्रँकचा हातही लांब, आणि तो फिरवायला जोर चांगला मिळतो. असं इंजिन फार वेगाने फिरू शकत नाही, पण कमी फेऱ्यांमध्ये जीव तोडून ओढतं. चिखलातून, चढावर, भरलेल्या ट्रेलरसकट पहिल्या गिअरमध्ये चालायच्या गाडीला हेच हवं असतं. दाबाचं प्रमाण तर फारच कमी, ६.४८ ला १. आजच्या पेट्रोलपेक्षा कितीतरी हलक्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालावं म्हणून ते तसं ठेवलं होतं. रणांगणावर जे मिळेल ते टाकीत ओतायचं होतं.

१९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला, पाठोपाठ विलिस आणि फोर्ड आले. सैन्याने वजनाची मर्यादा घातली २,१६० पौंड, म्हणजे साधारण ९८० किलो. विलिसची गाडी या मर्यादेच्या बरीच वर गेली, आणि त्यात मोठा वाटा होता गो डेव्हिलचा. सोपा रस्ता समोर होता: दुसऱ्या कंपनीचं हलकं इंजिन बसवायचं आणि मोकळं व्हायचं. रूस यांनी तो घेतला नाही. त्यांनी अख्खी गाडी सुटी केली, प्रत्येक भाग काट्यावर ठेवला, आणि जिथून मिळेल तिथून वजन काढलं. बोल्टची गरजेपेक्षा जास्त आलेली टोकं कापली, पत्रा पातळ केला, रंगाचा एकच हात दिला. इंजिनाला मात्र हात लावला नाही. गाडी मर्यादेत बसली आणि स्पर्धेत तिची ताकद बाकीच्या दोघींपेक्षा उठून दिसली.

मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. जीपच्या जन्माच्या वेळीच हा प्रश्न एकदा पडून गेलेला आहे. इंजिन ठेवायचं की बदलायचं? आणि उत्तर देणाऱ्याने इंजिन ठेवून बाकीची गाडी त्याच्या मापाने घडवली.

हरिकेन हे याच गो डेव्हिलचं पुढचं रूप. गो डेव्हिलमध्ये हवा आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे असे दोन्ही वॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेले असतात. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळपास एक सपाट झाकण. त्यात स्पार्क प्लग बसतात, हलणारं काही नाही. इंजिन बुटकं राहतं. पण शेजारून आत येणाऱ्या हवेला वळण घ्यावं लागतं, आणि श्वास पुरेसा मिळत नाही. म्हणून १९५०च्या सुमारास विलिसने आत घेणारे वॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, मोठे केले, आणि धुराचे वॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच राहू दिले. ताकद सत्तर अश्वशक्तीच्या पुढे गेली. आता वर वॉल्व्ह आले म्हणजे रॉकर आले, रॉकरवर झाकण आलं. उंची वाढली. उरलेलं काम पत्र्याने केलं.

भारतात १९४७ पासून महिंद्रा विलिसचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जुळवू लागली आणि पुढे त्या इथेच बनू लागल्या. वनखातं, पाटबंधारे, पोलीस, सैन्य, साखर कारखाने, डोंगरपट्ट्यातले डॉक्टर, सगळ्यांनी त्या वापरल्या. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोल पिणारी जीप परवडेना. सत्तरचं दशक संपता संपता महिंद्राने फ्रान्सच्या प्यूजोकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. इगतपुरीच्या कारखान्यातून ती इंजिनं निघू लागली. नव्या जीप डिझेलवर आल्या, आणि जुन्या जीपनाही गावोगावच्या मिस्त्रींनी डिझेल बसवलं. ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. ज्याचं पोट त्या जीपवर होतं त्याने योग्यच केलं. डिझेल आलं नसतं तर यातल्या पुष्कळ जीप तेव्हाच तोडल्या गेल्या असत्या. मूळ इंजिन काढलं म्हणून गाडी वाचली, हे आधी मान्य केलं पाहिजे.

‘ओरिजिनल इंजिन’ म्हणजे नक्की कुठलं, हा त्यापुढचा प्रश्न. इथे जीप फार अवघड जागी नेऊन ठेवते. युद्धात विलिसने साडेतीन लाखांच्या वर आणि फोर्डने विलिसच्याच आराखड्यावर पावणेतीन लाखांच्या वर जीप बनवल्या. सैन्याची मागणी अशी, की कुठल्याही जीपचा भाग कुठल्याही जीपला बसला पाहिजे. इंजिनसुद्धा. आघाडीवर इंजिन बिघडलं तर तिथे बसून दुरुस्त करत नसत. तयार इंजिन आणून चढवायचं, जुनं मागे वर्कशॉपला पाठवायचं. तिथे ते नीट होऊन तिसऱ्याच जीपमध्ये जाई. युद्धानंतर सैन्याकडून विकत मिळालेल्या जीपमध्ये कारखान्यात बसवलेलंच इंजिन सापडणं म्हणूनच नवल.

फोर्डने मात्र आपल्या जीपचा चेसिस नंबर आणि इंजिनावर ठोकलेला नंबर एकच ठेवला होता. विलिसच्या युद्धकाळातल्या जीपमध्ये ते दोन वेगळे असत. दोन नंबर जुळत नाहीत म्हणून विलिसच्या मालकाला कुणी ‘इंजिन बदललेलं आहे’ म्हणून भाव पाडायला लावला, तर मालकाने हे लक्षात ठेवावं. त्या गाडीत ते कारखान्यातूनच जुळत नव्हते. फोर्डने तर आपल्या बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उमटवलं होतं. आजही जुन्या जीपचं काम करणारे लोक गंजलेला बोल्ट घासून ते अक्षर शोधत बसतात. सगळं अदलाबदल व्हावं म्हणून बनवलेल्या गाडीत माणसं नेमका आपला तुकडा शोधत आहेत, आणि त्यांना तो सापडतोही.

आपल्याकडे व्यवहारात ओरिजिनल इंजिन म्हणजे ज्याचा नंबर आरसी बुकात आहे ते. ते कारखान्यातलं असेल, किंवा पहिल्या नोंदणीच्या वेळी गाडीत जे होतं ते असेल. दोन्ही अर्थांना मी मान देतो. पण विकायचं की ठेवायचं हे ठरवायच्या आधी पहिलं काम एकच: ब्लॉकवरचा नंबर वाचा. गो डेव्हिलवर तो ब्लॉकच्या उजव्या अंगाला, पुढच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यातल्या एका चौकोनी उंचवट्यावर असतो. तेलाचा फिल्टर त्याच्या आड येतो. माती खरवडायला पटाशी वापरू नका, ग्राइंडर तर नकोच. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि मऊ ब्रश पुरतो. मग त्यावर कागद धरून पेन्सिल घासा. गाडी नावावर करताना आरटीओला चेसिसचा जो पेन्सिल प्रिंट द्यावा लागतो, तसाच हा इंजिनाचा प्रिंट काढून आरसीच्या प्रतीला जोडून ठेवा.

त्या नंबराच्या पोटात काय दडलेलं असतं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. ब्लॉक बिडाचा असतो, वाळूच्या साच्यात ओतलेला. त्यावरची काही अक्षरं ओतीव आणि उठलेली असतात. ती साच्यातच असतात, म्हणून त्या साच्यातल्या शेकडो ब्लॉकवर तीच येतात. इंजिन नंबर मात्र ठोकलेला असतो. पोलादी ठशावर हातोडी बसते आणि अंक धातूत रुततो. रुतताना तो फक्त वरचा थर दाबत नाही. वहीच्या वरच्या पानावर जोर देऊन लिहिलं की खालच्या कोऱ्या पानावर अक्षरं उमटतात, तसं अंकाच्या खाली काही खोलीपर्यंत धातूचे कण दबतात, वाकतात, ताणले जातात. आता कुणी वरचा अंक घासून सपाट केला, तरी तो दबलेला भाग खाली शिल्लक असतो.

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत याचाच उपयोग करतात. घासलेली जागा आरशासारखी चकचकीत करतात आणि तिच्यावर आम्लाचं मिश्रण लावतात. पोलादासाठी कॉपर क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं मिश्रण जुनं आणि नावाजलेलं आहे. ताणलेला धातू आणि शांत धातू आम्लात सारख्या वेगाने झिजत नाहीत. थोड्या वेळाने सपाट दिसणाऱ्या जागेवर पुसलेले अंक फिकट सावलीसारखे वर येतात. चोरीच्या गाड्या, पिस्तुलं अशीच ओळखली जातात. बिडात हे काम पोलादापेक्षा अवघड. बीड ठिसूळ असतं, ते वाकण्याऐवजी तुटतं, त्यामुळे दबलेला थर उथळ राहतो. खोलवर घासलं असेल तर काहीच हाती लागत नाही. पण जोवर तो थर आहे, तोवर लोखंडाने आपला अंक विसरलेला नसतो.

अमेरिकेत कॉर्व्हेट मोटारींचे जाणकार याहून बारीक बघतात. कारखान्यात ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग यंत्राने सपाट करताना त्यावर केसासारख्या सरळ, समांतर रेघा उमटतात आणि नंबर त्या रेघांवर ठोकला जातो. कुणी दुसऱ्या ब्लॉकवरचा नंबर घासून हवा तो नंबर ठोकला, तर अंक हुबेहूब येतील, रेघा येणार नाहीत. भिंगातून हे दिसतं. महागड्या गाड्यांत मूळ इंजिन असण्या-नसण्याने किंमत इतकी बदलते, की खोटे नंबर ठोकण्याचा धंदाच उभा राहिला. आपल्याकडे हा थेट गुन्ह्याचा मामला आहे. त्या वाटेला कुणी बोलावलं तर जाऊ नये.

आता कुणी विचारेल, इंजिन बदललं म्हणजे गाडी तीच राहिली का? यावर इंग्लंडच्या उच्च न्यायालयात खरोखरच खटला झाला आहे. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची शर्यतीची गाडी, स्पीड सिक्स जातीची. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं तिने ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवायला होते. शर्यतींच्या धबडग्यात तिचे भाग बदलत गेले. १९३२ साली तिला आठ लिटरचं वेगळंच इंजिन बसवून ब्रुकलँड्सच्या शर्यतीत उतरवलं, आणि तिथल्या अपघातात क्लाइव्ह डन्फी हे चालक गेले. त्यानंतर ती पुन्हा बांधली, वेगळ्याच बांधणीची बॉडी चढवली. पुढे एक कोटी पौंडांत तिचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नाही. १९९० साली न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला, की ही गाडी ओल्ड नंबर वनच आहे. शर्यत जिंकणाऱ्या गाडीतले भाग तिच्यात फारसे उरलेले नसले, तरी एका बदलातून दुसऱ्या बदलात जाताना तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही, आणि हे नाव सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही.

हा निकाल डिझेल बसवलेल्या प्रत्येक जीपवाल्याला धीर देणारा आहे. इंजिन बदललं म्हणून तुमची जीप खोटी झाली नाही. पण तो निकाल उलट्या बाजूनेही वाचता येतो. त्या गाडीला वाचवलं ते अखंड इतिहासाने: काय काढलं, काय बसवलं, कधी बसवलं, हे दाखवता आलं म्हणून. गोठ्यातलं इंजिन, त्याचा पेन्सिल प्रिंट, आरसीवरची नोंद, मिस्त्रीची पावती, हे सगळं एकत्र ठेवलं तर तुमच्या जीपचा इतिहास तुटत नाही. इंजिन गेलं की त्यातला एक दुवा फक्त तोंडी उरतो.

आता हिशेब. बाजाराच्या नजरेने तुमचं इंजिन म्हणजे लाखो इंजिनांतलं एक. जॅम झालेलं, कार्ब्युरेटर गायब असलेलं असेल तर भंगारवाला काट्यावर बिडाचा भाव लावील. एखादा जीपवाला थोडे जास्त देईल. पण तुमच्या चेसिसच्या दृष्टीने जगात असं इंजिन एकच आहे. विकलं तर येणारी रक्कम लहान आणि एकदाच. नंतर मन बदललं तर तसं दुसरं इंजिन मिळेल, तेच मिळणार नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेलेला ब्लॉक फोडून भट्टीत गेला, की कितीही पैसे दिले तरी परत येत नाही. ठेवलं तर खर्च कोपऱ्यातल्या दोन-तीन चौरस फुटांचा आणि थोड्या ग्रीसचा. ठेवण्याचा निर्णय उद्या बदलता येतो, विकण्याचा येत नाही. दोन्हींची किंमत वेगवेगळ्या काट्यांवर मोजावी लागते, हे बाजार कधी सांगत नाही.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलाने तर या कोपऱ्यातल्या धुडाला कायद्याचं वजन आलं. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अट अशी, की चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये, आणि नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येऊ शकते. १९६०च्या दशकातली जीप वयाने यात सहज बसते, पण पोटातलं डिझेल आडवं येतं. मूळ इंजिन घरात असेल तर हा दरवाजा उघडा आहे. परत बसवताना मात्र विसरू नका: मधल्या काळात आरसीवर डिझेलचा नंबर चढला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे पुन्हा मंजुरी आणि नोंद लागेल. आधी आरटीओत विचारा, मग स्पॅनर हातात घ्या.

“पण ब्लॉकला तडा गेलाय, मिस्त्री म्हणाला फेकून द्या.” हे वाक्य फार ऐकू येतं, आणि पुष्कळ चांगले ब्लॉक याच वाक्याने गेले. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही हे खरं. बिडात कार्बन भरपूर, तो ग्राफाइटच्या बारीक पाकळ्यांच्या रूपात पसरलेला असतो. याच पाकळ्या थरथर शोषतात, सिलिंडरच्या भिंतीला तेल धरून ठेवायला मदत करतात. पण वेल्डिंगच्या उष्णतेने वितळून झटकन थंड झालं की त्या पाकळ्या पुन्हा तयार होत नाहीत, शेजारी काचेसारखा कडक आणि ठिसूळ पट्टा होतो, आणि नवा तडा तिथूनच जातो. यावर उष्णता न लावता करायचा उपाय आहे: बिडाला टाके घालणं. तड्याच्या रेषेवर एकापुढे एक भोकं पाडून, आटे पाडून त्यात पिना पिळतात. प्रत्येक पुढची पिन आधीच्या पिनेत थोडी घुसते, त्यामुळे रेषाभर धातूची सलग साखळी तयार होते. तड्याला आडव्या खोबणी पाडून त्यात धातूच्या पट्ट्या ठोकतात, त्या दोन्ही कडा धरून ठेवतात. मग वरून घासून सपाट. पाण्याच्या जॅकेटपाशी असा शिवलेला ब्लॉक पुन्हा पाणी धरतो.

सिलिंडर झिजले असतील तर लेथवाल्याकडे बोअरिंग आहेच. दहा, वीस, तीस, चाळीस हजारांश इंच असं चढत जायचं आणि तेवढ्या मोठ्या साइझचे पिस्टन घालायचे. चाळीसच्या पुढे गेलेला ब्लॉकही संपलेला नसतो. सिलिंडर आणखी मोठा करून त्यात बिडाची नवी स्लीव्ह दाबून बसवतात आणि तिला आतून स्टँडर्ड साइझला आणतात. गो डेव्हिलचा क्रँक तीनच मेन बेअरिंगवर फिरतो, तेव्हा त्या तिन्हींची रेष सरळ आहे ना हे मात्र तपासून घ्यावं. ती वाकली असेल तर बाकीचा खर्च वाया जातो.

ठेवायचं ठरलं तर नीट ठेवा, नाहीतर ते हळूहळू भंगारच होतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिने हवेत पाणी असतं आणि बिडाला तेवढं पुरतं. ब्लॉकमधलं पाणी पूर्ण काढा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये इंजिन ऑइल ओता, हँडलने क्रँक काही वेळा फिरवा, प्लग परत लावा. मॅनिफोल्डची आणि कार्ब्युरेटरची तोंडं लाकडाच्या गुट्ट्यांनी किंवा तेलात भिजवलेल्या चिंध्यांनी बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतात. नंबराच्या जागेवर ग्रीसचा जाड थर द्या, रंग नको. मातीवर ठेवू नका, जाड लाकडावर ठेवा. दर पावसाळ्याआधी आणि नंतर क्रँक थोडा फिरवा, म्हणजे रिंगा भिंतीला चिकटत नाहीत. इंजिनाबरोबर त्याचा गोतावळाही सांभाळा: बेल हाउसिंग, फ्लायव्हील, रेडिएटर, एअर क्लीनर, डिस्ट्रिब्युटर, आणि डिझेल बसवताना चेसिसवरून कापलेले माउंटिंगचे तुकडे. परत बसवायची वेळ येते तेव्हा काम अडतं ते या चिल्लर भागांवर. इंजिनावरच्या फ्युएल पंपाचा जुना पडदा आणि रबरी नळ्या मात्र तेव्हा नव्या घ्या, त्याही इथेनॉल सोसणाऱ्या. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं.

एका प्रसंगात मात्र मी स्वतः विका म्हणेन. नंबर वाचल्यावर तो तुमच्या आरसीशी, जुन्या विमा कागदांशी, कशाशीच जुळला नाही तर. कधीतरी मिस्त्रीने दोन जीपची इंजिनं बदलली असतील, किंवा आधीच्या मालकाने दुसरीकडून आणून बसवलं असेल. मग तुमच्या शेडमध्ये पडलेलं हे इंजिन दुसऱ्या कुणाच्या चेसिसचं आहे, आणि ती जीप कुठेतरी साताऱ्याकडे किंवा बेळगावात डिझेलवर धावत असू शकते. असं इंजिन वजनावर विकू नका. जाहिरात देताना पहिल्या ओळीत इंजिन नंबर पूर्ण लिहा, सोबत पेन्सिल प्रिंटचा स्वच्छ फोटो द्या, ब्लॉकवरचे ओतीव आकडेही लिहा, आणि ते तुमच्याकडे कसं आलं हे जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगा. घेणाऱ्याला पावती द्या, त्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा. जुन्या जीपवाल्यांना एकमेकांचे नंबर पाठ असतात. ज्याच्या आरसीवर तो आकडा असेल, त्याचा फोन येईल.